धाकटीच्या कमरेचं माप

गल्लीतले लोक तिला टाचणी म्हणायचे. तोंडात सदा दोन-चार टाचण्या धरलेल्या असतात म्हणून हे नाव पडलं, असं ती सांगायची. बोलली की टोचते म्हणून पडलं, असं लोक सांगायचे. तिच्या तोंडावर मात्र ही दुसरी बाजू मांडायला कुणी गेलं नाही, कारण ज्याला त्याला आपले कपडे वेळेवर परत हवे असतात.

तिचं दुकान किल्लीवाला आणि औषधवाला या दोघांच्या मधे अंग चोरून उभं होतं. काचेचं दार, दाराशी मशीन, मागे पडदा लावलेला कोपरा आणि त्यात माणसाएवढा आरसा. नवे कपडे ती शिवत नसे. तयार कपडे शिवणीत आत घ्यायचे, सैल करायचे, आखूड करायचे, चेन बदलायची, हे तिचं काम. "नवं कुणीही शिवतं," ती म्हणायची, "दुसऱ्यानं घालून ठेवलेला घोळ निस्तरायला अक्कल लागते."

माप तिनं कधी लिहून घेतलं नाही. टेप फिरवायची, डोळे बारीक करायची, की झालं. आणि बायकांच्या अंगाची तर तिला अशी जाण, की कुणाला दिवस गेलेत हे त्या बाईच्या नवऱ्याआधी हिला समजायचं. छातीला टेप लागली की बाई नकळत मागे सरते. कमर भरते, पण दंड आहेत तसेच राहतात. एकदा औषधवाल्याची बायको कोट आत घ्यायला आली. टाचणीनं माप घेतलं आणि कोट परत तिच्या हातात दिला. "आत्ता नको. उगाच दोनदा पैसे द्याल." ती बाई हसली आणि गेली, आणि पुढच्या आठवड्यात केकचा डबा घेऊन आली. टाचणीनं डबा घेतला, अभिनंदन केलं आणि ती गेल्याबरोबर तो न उघडताच किल्लीवाल्याला देऊन टाकला. बिचारा किल्लीवाला, त्याला वाटलं आपल्या स्वभावाचं चीज झालं.

कारण टाचणीला स्वतःला मूल नव्हतं. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती, आणि त्यातली बरीचशी दवाखान्याच्या बाकावर गेली होती.

ज्या बाईला मूल होत नाही तिला सल्ला द्यायला जगात प्रत्येकाकडे वेळ असतो, आणि सल्ला एकच. टेन्शन घेऊ नकोस. आई म्हणाली, सासू म्हणाली, औषधवाला गोळ्यांची पिशवी देताना म्हणाला, वीजमीटर बघायला आलेला माणूससुद्धा जाता जाता म्हणून गेला. शांत राहा म्हणजे आपोआप राहील. आता माणसाला सकाळ-संध्याकाळ शांत राहा, शांत राहा म्हणून सांगत बसलं तर शांत माणसाचंही डोकं फिरेल, आणि हिच्या तर मुळातच नाकावर राग.

पण टाचणीचा या सल्ल्यावर मनापासून विश्वास होता, हे खरं दुखणं. त्याला कारणही होतं. मागे एका वर्षी तिचे वडील अंथरुणाला खिळले होते, आणि नेमकं तेव्हाच तिनं एका मोठ्या हॉटेलच्या गणवेशांच्या दुरुस्तीचं काम अंगावर घेतलं होतं. दिवसभर मशीन, मग वडिलांची उशापायथ्याशी सेवा, जेवण उभ्या उभ्या, झोप म्हणजे नुसतं डोळे मिटणं. वाळून काटकी झाली. पाळी चुकली, मग महिनोन्‌महिने आलीच नाही. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, की अंगाला फार ओढाताण झाली, खाणं तुटलं, तर मेंदू बीज तयार करायचा निरोपच पाठवत नाही; परिस्थिती बरी नाही, हे काम नंतर बघू, म्हणतो. वडील गेले, हॉटेलचं काम संपलं, ती दोन घास बसून खायला लागली आणि पाळी परत सुरू झाली. टाचणीनं या एका खऱ्या गोष्टीवरून अख्खा कायदा बनवला. मन बिघडलं की कूस बंद होते. त्यानंतर जे जे फसलं, त्या प्रत्येक वेळी आपण कुणावर चिडलो होतो ते ती आठवून आठवून शोधून काढायची, आणि तिला ते सापडायचंही, कारण ती रोजच कुणावर तरी चिडलेली असायची.

तर आता शेवटचा डाव होता. आयव्हीएफमध्ये मिळालेल्या गर्भांपैकी बाकीचे लागले नव्हते, एकच उरला होता, दवाखान्यात गोठवून ठेवलेला. टाचणी आणि तिच्या नवऱ्यानं ठरवलं होतं, हा लागला तर लागला, नाहीतर बास. ना अंगात त्राण होतं, ना पुन्हा पहिल्यापासून इंजेक्शनं टोचून घ्यायची हिंमत. नवरा फ्रिज दुरुस्त करणारा. "गोठवण्यातलं मला विचार," तो तिला म्हणाला, "थंडीत ठेवलेल्याला काही होत नाही. बिघडतं ते दार सारखं उघडझाप केल्यावर." ती हसली. त्या सबंध महिन्यातलं तिचं ते एकच हसणं.

गर्भ आत सोडला त्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नेहमीसारख्या राहा, चाला, फिरा, काम करा, झोपून राहायची गरज नाही. पण नेहमीसारखं म्हणजे कसं, हा प्रश्नच होता. नेहमीसारखं म्हणजे भांडण. तेव्हा टाचणीनं शांत राहायचा विडा उचलला. घरात बातम्या बंद झाल्या. नवरा चोरपावलांनी चालायला लागला आणि एवढं हळू बोलायला लागला, की ती "काय? काय?" करून वैतागायची आणि मग वैतागले म्हणून घाबरायची. दुकानात एका बाईनं फाटलेलं जॅकेट डिंकानं चिकटवून आणलं. एरवी टाचणीनं तिची गल्लीभर शोभा केली असती. त्या दिवशी "वा, छान युक्ती" एवढंच म्हणाली, आणि ते म्हणताना तोंडातली टाचणी गिळता गिळता वाचली.

आणि अशात धाकटी आली.

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. एका हॉटेलात स्वागतकक्षात उभी असायची, गडद निळा स्कर्ट, वर जॅकेट, चेहऱ्यावर हसू. हसू नोकरीचा भाग होतं असं नाही, ती जन्मतःच तशी. लहानपणी टाचणीचे फ्रॉक आखूड झाले की आई ते धाकटीच्या मापाचे करायला सांगायची, आणि टाचणी, हातात कात्री आल्या दिवसापासून, आपलेच आवडते फ्रॉक उसवून धाकटीसाठी आत घ्यायची. मग धाकटी तो घालून बाहेर आली की आलागेला म्हणायचा, अगं बाई, हा तर हिलाच शोभतो. शिवण शिकली ती अशी. लोकांना वाटायचं मोठ्या बहिणीचा काय जीव आहे. जीव होताच. पण सुई कापडातून जाताना प्रत्येक टाक्याला तिला तो फ्रॉक परत हवासा वाटायचा, हे कुणाला दिसलं नाही.

आता धाकटीचंही लग्न होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि आईचं नवीनच सुरू झालं होतं. "तिच्याकडे बघ, कशी निवांत असते. तिला बघ कसं चुटकीसरशी राहील." हे आई फोनवर टाचणीला सांगायची, तिला धीर यावा म्हणून. आईच्या धीर देण्याची तऱ्हाच अशी.

"ताई, हा जरा सैल करून देतेस?" धाकटी म्हणाली. स्कर्ट तिनं घातलेलाच होता. मागचा हुक लागत नव्हता, चेन अर्ध्यावर थांबली होती.

"ये पडद्यामागे."

टाचणीनं टेप कमरेभोवती घातली आणि तिचे हात थांबले. कमर चांगलीच वाढली होती. दंड तसेच, मानही तशीच सडपातळ. तिनं टेप वर छातीला नेली तशी धाकटी "हळू गं" म्हणून मागे सरली.

"काय खातेस काय हल्ली?" टाचणीनं विचारलं. आवाज अगदी साधा ठेवून.

"गॅस होतोय नुसता. हॉटेलचं जेवण."

"कॉफी टाकू?"

"नको. कॉफी सोडलीय सध्या."

धाकटीनं कॉफी सोडली. दिवसाला पाच कप पिणारी धाकटी. ती स्टुलावर बसली तीही पोटाला हात लावून, जपून, सावकाश. आणि आरशातून टाचणीकडे बघून हसली, पण डोळ्यांना डोळा भिडल्यावर चटकन नजर काढून घेतली. टाचणीला आणखी पुरावा नको होता. एवढ्या बायकांची मापं घेतली, एकदाही हात चुकला नव्हता.

दिवस गेलेत. आणि माझ्यापासून लपवतेय.

खरं सांगायचं तर जळणं म्हणजे काय हे त्या क्षणापर्यंत टाचणीला माहीतच नव्हतं. औषधवाल्याची बायको, शेजारणी, रस्त्यावर बाळाच्या गाड्या ढकलणाऱ्या बाया, यांच्याबद्दल वाटायचं ते काहीच नाही. हे निराळं होतं. हे टाळूपासून तळपायापर्यंत गेलं. मी इंजेक्शनं घेऊन घेऊन मांड्या काळ्यानिळ्या करून घ्यायच्या, कॅलेंडरवर जीव टांगायचा, आणि हिनं हसत हसत, कॉफी सोडून, मोकळं व्हायचं. माझा फ्रॉक घालून हीच पुन्हा बाहेर येणार, आणि आलागेला म्हणणार, हिलाच शोभतो.

"ठेवून जा," ती म्हणाली. "बघते."

धाकटी कपडे बदलून गेल्यावर तिनं स्कर्ट उलटा केला. शिवणीच्या आत भरपूर कापड सोडलेलं होतं, दोन्ही बाजूंनी. गणवेश शिवणाऱ्यानं शहाणपणानं ठेवलेलं. तासाभराचं काम. टाचणी बराच वेळ ते कापड बोटांत धरून बसली. मग तिनं स्कर्ट सुलटा केला, कडक इस्त्री मारली आणि होता तसा हँगरला लावला.

दुसऱ्या दिवशी धाकटी आली तेव्हा टाचणी म्हणाली, "शिवणीत कापडच नाही ठेवलेलं. काही करता येत नाही."

"असू दे गं ताई. हुक उघडा ठेवीन आणि वर जॅकेट ओढीन." आणि जाता जाता धाकटीनं तिला मिठी मारली. टाचणी हात खाली सोडून खांबासारखी उभी राहिली.

आपल्या धंद्यात ती खोटं असं कधी बोलली नव्हती. गिऱ्हाइकाला चार शब्द जास्त ऐकवेल, पण असलेलं कापड नाही म्हणणार नाही. त्या संध्याकाळी नवऱ्यापुढे ताट ठेवता ठेवता तिनं सांगून टाकलं. स्कर्टचं नाही. ते गिळलं. फक्त एवढंच, की धाकटीला दिवस गेलेत.

"तिनं सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं. मी माप घेतलं."

नवरा घास हातात घेऊन थांबला. "बरं. मग आपण त्याचं टेन्शन घ्यायचं नाही," तो अगदी हळू म्हणाला.

झालं. एवढं एक वाक्य तिला पुरलं. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते तिचं तिला माहीत. जळायचं, मग जळतोय म्हणून भ्यायचं, मग भीती म्हणजे पण टेन्शनच म्हणून आणखी भ्यायचं. पोटावर हात ठेवून ती मनातल्या मनात आतल्या जिवाची समजूत घालायची. हे तुझ्यावर नाही रे, हे मावशीवर आहे, तू लक्ष देऊ नकोस. आणि मावशी हा शब्द मनात आला की परत पेटायची. धाकटीचे फोन घेणं तिनं बंद केलं. लांब श्वास घ्यायची, एका गिऱ्हाईक बाईनं शिकवले होते तसे, आणि श्वास सोडता सोडता विचार करायची, हिला मुलगा होईल की मुलगी.

रक्ताची तपासणी उद्यावर आली होती, आणि सकाळीच आईचा फोन आला. "धाकटीला दवाखान्यात ठेवलंय. पोट फुगलंय केवढं तरी, आणि दम लागतोय तिला."

टाचणीच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की पोटातलं गेलं असेल. आणि त्याबरोबर छातीवरचं काहीतरी उचलल्यासारखं वाटलं. हलकं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं, आणि ते तिनं स्वतः पकडलं. तो घट्ट स्कर्ट. दिवसभर पायांवर उभी राहणारी पोटुशी पोर, आणि पोट आवळणारा तो स्कर्ट, कापड असून सैल न केलेला. माझ्या मनानं तिचं बाळ घेतलं, आणि हातानंही घेतलं. तिनं दुकान तसंच उघडं टाकलं, किल्लीवाल्याला नुसता हात केला आणि मिळाली ती बस पकडली.

आईनं सांगितलेला मजला तिला माहीत होता. तिच्याच डॉक्टरीणबाईंचा. तिथे पोचेपर्यंतही तिच्या डोक्यात प्रकाश पडला नाही, इतकी ती आपल्या मापावर ठाम होती.

आई व्हरांड्यात बाकावर बसली होती. "किती महिने झाले होते?" टाचणीनं धापा टाकत विचारलं.

"कसले महिने?"

"आई, मला कळलंय. मी माप घेतलंय तिचं."

आईनं तिच्याकडे बघितलं आणि पदर नाही की रुमाल नाही, नुसत्या हातांनीच तोंड झाकलं. मग हात काढून म्हणाली, "अगं वेडे, महिने कसले. तिच्या दोन्ही नळ्या बंद आहेत. इंजेक्शनं चालू होती तिची, बीजं वाढवायची. तुझी होती ना, तशीच. तिच्या अंगानं ती जरा जास्तच घेतली. बीजं काढली तेव्हा ठीक होतं, मग पोटात पाणी साठायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणतात उतरेल, लक्ष ठेवायला ठेवलंय."

कमर वाढलेली. छाती दुखणारी. दंड तसेच. टाचणी स्वतः त्या इंजेक्शनांतून गेली होती, एकदा नाही, आणि तेव्हा तिनंही स्वतःची कमर सैल केली होती. स्वतःच्या अंगावर जे ओळखलं ते बहिणीच्या अंगावर ओळखता आलं नाही. ओळखणार कसं, तिला जे दिसायची भीती होती तेच तिनं मोजलं.

"मला का नाही सांगितलं?"

"तुला टेन्शन येईल म्हणून," आई म्हणाली. "तीच म्हणाली, ताईचं होईस्तोवर कुणी बोलायचं नाही. तुझी तपासणी असेल तो वार सोडून ती यायची."

टाचणी खोलीच्या दारापर्यंत गेली. आत धाकटी उशांना टेकून डोळे मिटून पडली होती, पोट चादरीखाली उंच. टाचणीला आत जाता आलं नाही. "झोपलीय ना, मग येते," असं आईला सांगून ती परत फिरली.

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत नाही असंच आलं. तिला ते कळायच्या आधीच कळलं होतं, सकाळी डाग दिसले होते, आईला तेवढं फोनवर सांगितलंही होतं. नवऱ्यानं गाडी दवाखान्याच्या आवारात लावली आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. ती म्हणाली, तू बस, मी बोलून येते.

डॉक्टरीणबाई थकलेल्या चेहऱ्याच्या, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणाऱ्या बाई होत्या. टाचणीनं खुर्चीत बसल्या बसल्या सगळं ओकून टाकलं. बहीण, माप, स्कर्ट, जळफळाट, सगळं. "तुम्ही सगळं बरोबर केलंत," ती म्हणाली. "मीच मारलं त्याला. सबंध वेळ जळत होते मी."

बाईंनी तिला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "दिवसभर रडणाऱ्या बायकांचे गर्भ लागताना मी पाहिलेत. अगदी शांत बसलेल्यांचे गेलेलेही पाहिलेत. तुमची पाळी बंद पडली होती ते वेगळं, तिथे अंगाचे हाल झाले होते, खाणं तुटलं होतं. ताणानं झोप जाते, घरात भांडणं होतात, बायका उपचार अर्ध्यावर सोडून जातात. हे सगळं होतं, आणि म्हणून मी तुम्हाला सांगते की स्वतःला जपा. पण चार दिवस कुणावर जळलात म्हणून गर्भ गेला, असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. बहुतेक वेळा त्या गर्भातच पुढे वाढायची ताकद नसते. तो गेलाच असता."

"म्हणजे माझा दोष नाही?"

"नाही."

कुणालाही वाटेल की हे ऐकून बाईला बरं वाटलं असेल. टाचणीला राग आला. इतकी वर्षं तिनं स्वतःचा स्वभाव धुऊन पुसून ठेवायचा प्रयत्न केला होता, का, तर दोष आपला असेल तर आपण सुधारू, आणि सुधारलो की होईल. आता दोष नाही म्हणजे सुधारायलाही काही नाही. भांडायचं कुणाशी, हेही नाही. ती उठली, आभार न मानता बाहेर पडली आणि जिन्याच्या वळणावर कठड्याला धरून खूप वेळ उभी राहिली.

मग जिना परत चढून धाकटीकडे गेली.

धाकटी जागी होती. टाचणीचा चेहरा बघून तिनं काही विचारलं नाही, फक्त पाय आखडून पलंगावर जागा केली. टाचणी बसली.

"त्या स्कर्टच्या शिवणीत कापड होतं," ती म्हणाली. "भरपूर होतं. मी मुद्दाम नाही सैल केला. मला वाटलं तुला दिवस गेलेत."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि त्याशिवाय ती कोणी परकीच बाई वाटत होती. "मला कळलं होतं," ती म्हणाली. "घरी जाऊन मी उलटा करून पाहिला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मला वाटलं तुला सगळं कळलंय. इंजेक्शनांचं. आणि मी तुझ्यामागनं तुझ्याच डॉक्टरांकडे जाते म्हणून चिडलीस." ती थांबली. दम लागत होता तिला. "ताई, मी सांगितलं नाही ते तुला त्रास नको म्हणून नाही. आईला तसं सांगितलं मी. खरं म्हणजे तुझं आधी झालं असतं तर मला बघवलं नसतं. तुझं निदान गर्भ आत सोडण्यापर्यंत तरी जातं. तुला आई विचारते, सासू विचारते, नवरा चोरपावलांनी चालतो. मला सगळे नुसते, निवांत आहे ती, हिला काय, हिला लगेच राहील. घरी येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. आणि मघाशी आईनं तुझं सांगितलं ना, तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं."

आता सांगा, यावर कुणी काय बोलायचं. दुसरी कोणी असती तर उठून गेली असती. टाचणीला मात्र कित्येक महिन्यांत पहिल्यांदा असं वाटलं, की आपल्याशी कुणीतरी मोठ्यानं बोलतंय.

"तुला दवाखान्यात ठेवलं कळलं तेव्हा मलाही," ती म्हणाली. "मला वाटलं, तुझं गेलं. आणि हलकं वाटलं मला."

"किती नीच आहेस गं."

"तुझीच बहीण."

मग टाचणीनं विचारलं, विचारायचं नव्हतं तरी विचारलं, "किती मिळाले तुला?"

"पाच. गोठवून ठेवलेत. अंग ताळ्यावर आलं की एकेक सोडून बघणार."

पाच. टाचणीला तो आकडा गिळायला वेळ लागला. डॉक्टरीणबाईंनी दोष नाही म्हणून सांगितलं होतं, बहिणीनं मन उघडं केलं होतं, आणि तरीही पाच ऐकल्यावर जे सललं ते सललंच. मत्सर काही शहाण्या बोलण्यानं जात नाही. "मला नाही झेपणार तुझं झालेलं," ती म्हणाली. "निदान सुरुवातीला तरी नाही. मी काही केक घेऊन नाचत येणार नाही."

"नको येऊस. पण लपवायला लावू नकोस मला परत. लपवताना मी मेले."

"नाही लावणार."

धाकटीचं पोट उतरलं, ती कामावर गेली. टाचणीनं बातम्या परत लावल्या, नवऱ्याला धड मोठ्यानं बोलायला सांगितलं, आणि डिंकवाली बाई पुन्हा आली तेव्हा मागची थकबाकी धरून तिची खरडपट्टी काढली. एका रविवारी नवऱ्यानं मधल्या खोलीतला दवाखान्याच्या औषधांचा छोटा फ्रिज बंद करून आपल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला, आणि ती दारात उभी राहून बघत होती, पण तिनं थांबवलं नाही. धाकटीचा पहिला गर्भ लागला नाही. तेव्हा टाचणी तिच्या घरी जाऊन सूप करून आली, आणि त्या दिवशी आपण बहिणीशी किती चांगलं वागू शकतो याचं तिचं तिलाच नवल वाटलं. चांगलं वागणं सोपं होतं, कारण दोघी एकाच रांगेत होत्या.

दुसऱ्या गर्भाच्या तपासणीचा दिवस तिला माहीत होता. धाकटीनंच सांगितला होता. दुपारी ती एका कोटाचं अस्तर उसवत होती, तेव्हा फोन वाजला.

"ताई," धाकटी म्हणाली, "आत्ताच कळलं. अजून ह्यांना सांगितलं नाही, आईला पण नाही. राहिलंय."

टाचणीनं कात्री खाली ठेवली. अभिनंदन हा शब्द तिच्या तोंडाशी आला, गिऱ्हाइकांना म्हणून म्हणून सवयीचा झालेला, आणि तो तिनं उच्चारला नाही.

"ऐकलं," ती म्हणाली. "आता फोन ठेव. मला रडायचंय."

"रड," धाकटी म्हणाली. "मी ठेवत नाही."